पिकअपचा आवाज आणि माझा कान

२ जुलै २००१
शिवानी, लिही. मला अक्षर येत न्हाय, पण रोजनिशी माझी हाय. सुनेनं मधे आपलं घालायचं न्हाय.
माझ्या लेकाच्या, संग्रामच्या फोर-व्हील पिकअपमधनं आवाज येतोय. वळलं की कट-कट-कट. पोरगं घाबरलंय. राधानगरीच्या वरनं आमच्या वस्तीचं दूध तोच खाली चिलिंग सेंटरला नेतो. आठच्या आत पोचायचं. महिन्यात तीनदा उशीर झाला की रूट दुसऱ्याला, असं सेंटरच्या साहेबांनी बजावलंय.
त्याला कोल्हापूरला सिकंदर मिस्त्रीकडं जायचंय. म्हटलं, काही गरज न्हाय. चाळीस वर्षं जातं ओढलंय. खुंटा हललाय का दगड घासतोय, डोळं मिटून सांगते.
संकल्प: आठ दिवसांत आवाज पकडणार.

३ जुलै
पुढच्या सीटवर बसून गेले. प्रत्येक वळणावर गाडी थांबवली, संग्रामला हळूहळू पुढं घ्यायला लावली, चाकाकडं कान करून चालले. निदान: मागचं डावं चाक. ग्रीस सुकलंय.
सेंटरला पोचलो साडेआठला. पहिला उशीर. गाडीच तशी, त्याला मी काय करणार?

४ जुलै
ग्रीस भरलं. चारी चाकांत. आवाज तोच.

६ जुलै
शोध लागला! वस्तीच्या चिखलात आवाज न्हाय. डांबरावर आलं की सुरू, त्यातनं वळलं की जास्तच. म्हणजे दोष रस्त्यात हाय. डांबर हलकं घातलंय.
शिवानी म्हणाली, आत्या, बाकीच्यांच्या गाड्या पण त्याच डांबरावरनं जात्यात की. म्हटलं, तू लिही.

८ जुलै
संग्राम म्हणतोय, स्टेअरिंग अडतंय, वळताना गाडीला कुणी मागनं धरल्यागत वाटतंय. चारी चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा लिव्हर काढायला गेला तर निघेना.
काढायचा कशाला? पावसाळा लागल्यापासनं तो घालूनच ठेव, असं मीच सांगितलंय. चार बैल जुंपायचे आणि दोघांना नुसतं मिरवायचं व्हय? हादऱ्यानं सुटंल म्हणून लिव्हरला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. घट्ट. आता निर्धास्त.

११ जुलै, सकाळी साडेनऊ
शिवानी, आधी हे लिही.
धरणाच्या खालच्या वळणावर गाडीखालनं धाड्‌कन आवाज. गाडीनं एकदम हिसका दिला आणि कडेला घसरली. पुढं नुसती दरी. संग्रामनं कशीबशी धरली. दोन कॅन आडवे, दूध रस्त्यावर. तो स्टेअरिंग धरून बसला. मी उतरून कॅन उभे केले. 
दुसरा उशीर.
बहुतेक मागचं डावं चाकच.

११ जुलै, संध्याकाळी
कोल्हापुरात उद्यमनगरला, सिकंदरच्या गॅरेजवर जाऊन आलो. सिकंदरनं आवाज ऐकलाच न्हाय. आत वाकला, पट्टी बघितली आणि विचारलं, ही गाठ कुणाची? संग्रामनं माझ्याकडं बघितलं. मी टायरकडं.
म्हणाला, आज्जी, वळताना पुढची चाकं जास्त पळत्यात, मागची कमी. चिखलात चाक घसरून भागतंय. डांबरावर घसरायला जागा कुठं? सगळा पीळ चाकं फिरवणाऱ्या शाफ्टात साठतोय आणि मग सुटतोय. फोर-व्हील चिखलापुरतं.
पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटलाय. सामान तीन दिवसांनी. तोवर पुढचा शाफ्ट काढून दिला. मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालवा, पण चिखलात घालू नका, म्हणाला.
वस्तीपासनं डांबरापर्यंत दीड मैल चिखलच. गाडी वर येणार न्हाय. उद्या उशीर झाला की रूट गेला. संग्राम जेवला न्हाय.
योजना तयार हाय: गाडी डांबरावर, दूध डोक्यावरनं खाली. मी हाक दिली की सगळी वस्ती पळत येईल.

१२ जुलै
पाचला हाक दिली. बाहेर आली एकटी शेजारची तानाबाई, ती पण रिकाम्या हातानं. काय बोंबलाया लागलीस, म्हणून बघायला.
मग शिवानी घरोघर फिरली. आमच्या आत्यांनी घोळ घातलाय, तेवढा हात लावा, असं म्हणाली म्हणं. मला विचारून न्हाय. अकरा बायका आल्या. घागरी, बादल्या, कॅन. पाय मांडीपर्यंत चिखलात. तानाबाईनं दोन खेपा केल्या आणि दोन्ही खेपांना मला ऐकवलं.
सात पन्नासला दूध सेंटरवर उतरलं. रूट राहिला.
गाडीत आवाज अजिबात न्हाय म्हणं. मी ऐकला न्हाय. माझ्या जागेवर दोन कॅन बसवले होते.

१५ जुलै
नवा क्रॉस बसला. वळण बघितलं, कट-कट न्हाय. एवढ्या वर्षांचा कान फुकट जात न्हाय.
शिवानीनं सिकंदरचं बोलणं संग्रामकडनं परत विचारून घेतलं आणि लिव्हरच्या वर तेलरंगानं काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, शुभ लाभ, आत्या.
शुभ लाभ तीन ओळींचं असतंय व्हय? बोट ठेवून वाचून दाखव म्हटलं, तर संग्रामनं गाडी चालू केली.