डब्यात जास्त निघालेले पैसे

बाबा, डब्यात आज अकराशे चाळीस रुपये जास्त निघाले. डबा तोच आहे, बिस्किटांचा, पत्र्याचा. हिशेब मात्र आता लॅपटॉपवर असतो. तुमच्या नातवाने बेंगळुरूहून येऊन सॉफ्टवेअर घालून दिलं. बँकेतलं आपोआप उतरतं, रोख खर्च मी रोज संध्याकाळी लिहिते आणि तो तिकडे बसून पाहतो. मला ते आवडायचं. हे गेल्यापासून रामदासपेठेतल्या या फ्लॅटमध्ये मी काय आणलं, काय खाल्लं, हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

पण उन्हाळ्यात त्याचा फोन आला. ‘‘आई, सोळा दिवसांत फळं शून्य? भाजी एकदाच? तू जेवतेस ना?’’ मी म्हटलं, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो रे. तो म्हणाला, ‘‘असं असेल तर फ्लॅट बंद करू. तू इकडेच ये.’’ त्या संध्याकाळी मी लिहिलं: संत्री, एक डझन. तेव्हापासून मी पालक लिहिते, पपई लिहिते, पनीरसुद्धा लिहिते. त्याचा फोन आता निर्धास्त असतो. आणि डब्यातले पैसे संपत नाहीत.

तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. शहराबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात रोकड सांभाळून तुम्ही सायकलने घरी यायचे, हातपाय धुवून स्वयंपाकघरात पाटावर बसायचे. आई भाकरी थापता थापता खर्च सांगायची, तुम्ही वहीत लिहायचे आणि मग डबा मोजायचे. मी आठवीत होते. कॉन्व्हेंट शाळेच्या सहलीचे बारा रुपये सिस्टरना दिले असं मी लिहायला लावलं आणि पैसे गुपचूप डब्यात परत टाकले, कारण त्या महिन्यात आईचं औषध सुरू होतं. तुम्ही डबा मोजता. पुन्हा मोजता.

‘‘बारा रुपये जास्त काहून निघून राहिले वं?’’

आई हसते. ‘‘लोकाइच्या घरी कमी पडले तं भांडण होते, आमच्या घरी जास्त निघाले तं!’’

तुम्ही हसत नाही. ‘‘कमी पडले तं समजते, मानूस विसरते. जास्त निघाले म्हंजे कोनीतरी खोटं लिवलं.’’ मग माझ्याकडे पाहून म्हणता, ‘‘घरच्या वहीत खोटं लिवशील, तं घरात कोन उपाशी हाये ते मले कसं समजन?’’

मी रडले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही कॉन्व्हेंटच्या फाटकात उभे होते. शर्टावर गोदामाची धूळ, पायजम्याला सायकलचा चिमटा. सिस्टरच्या हातात बारा रुपये मोजून ठेवले आणि पावती मागितली. मैत्रिणीने विचारलं, कोण गं ते? मी म्हटलं, माहीत नाही. हे तुम्हाला ऐकू गेलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी तुम्ही पावती वहीत चिकटवली आणि सहलीला खायला म्हणून फुटाण्यांची पुडी माझ्या दप्तरात ठेवली.

या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. वही आणि डबा जुळत नसतील तर ते दाबायचं, फरक आपोआप मिटतो, कारण विचारत नाही. ते दाबलं तर मुलाला काही कळणार नाही आणि मी इथेच राहीन, या घरात, जिथे संध्याकाळी खिडकीशी बसलं की रस्त्यावरची सायकलची घंटा अजून तुमची वाटते. आज दोनदा बोट तिथवर नेलं.

दाबलं नाही, बाबा. दिवाळीत तो येणार आहे. डबा मी कपाटात ठेवायची, तो आता ओट्यावर ठेवला आहे, चहाच्या डब्याशेजारी, म्हणजे त्याचा हात लागेल. त्याने तो उघडावा, मोजावा, आणि माझ्यावर रागवावं, असं मला फार वाटतं.

आजच्या तारखेला मी पपई लिहिली आहे. रात्री चहाबरोबर दोन टोस्ट खाल्ले.