तुमची बदली आली

८ जानेवारी

आज कामावर हजर झाले आणि पहिल्याच दिवशी दोनदा हसले. दिवाळीनंतर हे पहिल्यांदाच, म्हणून लिहून ठेवते.

घाटंजीच्या अलीकडे रस्त्याला लागून 'चांदणी परमिट रूम अँड रेस्टॉरंट' आहे. पाटीवरचे निम्मे दिवे गेलेले. खाली 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था' असं लिहून बाण काढलाय, तो थेट रिकाम्या बाटल्यांच्या शेडकडे जातो. तिथं पहिलं हसले. दुसरं हसू अफरोजभाऊमुळे. तो गल्ल्यावर बसतो आणि सगळं कामही तोच लावतो. म्हणाला, इथं कोणी नाव इचारत नाही ताई, गिऱ्हाईक सगळ्यांना 'ए बालाघाट' म्हणूनच हाक मारते, उद्यापासून तुम्हीपण बालाघाट.

पोरं खरंच बहुतेक मध्यप्रदेशातल्या बालाघाटची, दोघंतिघं ओडिशाची. बिअरच्या खोक्यांवर फळ्या टाकून पत्र्याखाली झोपतात. इथली माणसं का ठेवत नाही, विचारलं. अफरोजभाऊ म्हणाला, इथला माणूस लग्न आलं की घरी, तेरवी आली की घरी. लांबचा कुठं जाणार? आणि त्याचा पगार तो गावी जातानाच मिळतो, त्यामुळे तो जातही नाही.

जायचं तर बदली द्यावी लागते. ज्याला सुट्टी हवी त्यानं आपल्या घरातलं किंवा गावातलं माणूस आणायचं. नवीन माणसानं जुन्यासमोर, त्याच्याच कामाच्या जागेवर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, 'तुमची बदली आली, तुम्ही मोकळे.' मग जुना खांद्यावरचं फडकं काढून त्याच्या हातात देतो. तोपर्यंत जुन्यानं जागा सोडायची नाही. इथला रिवाजच आहे.

मी मैत्रेयीच्या बाबांची बदली. सात वर्षं ते इथं तंदूरवर होते. दिवाळीच्या आधी भट्टीसमोरच खाली बसले ते उठले नाहीत. इथला मालक, शेठ गुलाबसिंग, महागावहून बोरी अरबला आमच्या घरी स्वतः आला होता. म्हणाला, श्रावणची जागा रिकामी आहे, घरातलं कोणी द्या, पोरीच्या नर्सिंगची फी मी भरतो, पगारातून वळती करू. घरात दोघीच. मी नाही आले तर मैत्रेयीला यावं लागलं असतं. म्हणून मी आले.

मी ज्याच्यासमोर म्हणायचं ते माणूसच नव्हतं. अफरोजभाऊ म्हणाला, तुमच्या बाबतीत तो सवाल नाही. खुंटीवरचं फडकं मीच काढून घेतलं.

११ जानेवारी

काम जमतंय. भट्टी माझ्याआधी सुखीबाई पेटवते. ती भांडी घासते, कांदा चिरते, बालाघाटकडची आहे, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल. पेटवायला रद्दी लागते. मी प्रत्येक पान वाचून मगच तिच्याकडे देते. ती काडीची पेटी घेऊन वाट पाहते आणि हसते.

मला लग्नानंतर वाचता यायला लागलं, मैत्रेयीच्या पुस्तकांवरून. तेव्हापासून पुडीचा कागदही सोडत नाही. मैत्रेयी चिडायची. म्हणायची, आई, डाळ आधी शिजव, कागद मंग वाच.

मैत्रेयीच्या बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. निरोप यायचा तो कोणाच्या तरी तोंडी.

१४ जानेवारी

संक्रांत. सुखीबाईनं तीळगूळ दिला आणि म्हणाली, श्रावणभाऊंना कडक लागायचा, दातानं फोडून खायचे. माझ्या घरी ते मऊ लाडू मागायचे.

चहा बिनसाखरेचा प्यायचे म्हणे. घरी दोन चमचे घ्यायचे. पोरांच्या नकला करायचे, सगळ्यांना हसवायचे. गावातल्या कोणाला बदली ठेवून घरी आले की झोपायचे. दीड दिवस झोपून परत यायचे. मी त्यांच्या उशाशी बसून असायची आणि त्यालाच संसार समजायची.

मी विचारत नाही, तीच सांगते. नवरा माझा आणि आठवणी हिच्या.

१९ जानेवारी

सुखीबाई रोज दुपारच्या गर्दीनंतर एक ताट वाढून मागच्या फळीवर ठेवते. दोन रोट्या, बुक्कीनं फोडलेला कांदा, मीठ. संध्याकाळी ते ताट घासून पालथं घातलेलं असतं. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, जिसका है उसका.

कांदा बुक्कीनं फोडायची सवय कोणाची, हे मला सांगायची गरज नाही.

आणखी एक. सकाळी मी यायच्या आत मैदा मळलेला असतो. आधी वाटलं सुखीबाई मदत करते. आज गोळ्यावरचं ओलं फडकं काढलं तर वर बोटांचे खड्डे होते. तीन खोल, शेवटचा उथळ. यांच्या उजव्या करंगळीचं पेर लग्नाआधीच कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं होतं. घरी कणकेवर मी हे खड्डे शेकडो वेळा पाहिलेत.

सुखीबाईचे हात पाहिले. तिची सगळी बोटं धड आहेत.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी देवाऱ्यासोबत तेही बाहेर काढलं होतं. मी त्रिसरण म्हटलं आणि रोट्या लावायला घेतल्या. पण दिवसभर भीती वाटली नाही, राग येत राहिला. आले असतील, तर माझ्याकडे का नाही?

२३ जानेवारी

मी मुद्दाम लवकर गेले. मैदा मळून तयार. मुद्दाम उशिरा गेले. तयार. मी समोर उभी राहिले की परात नुसती परात असते. सुखीबाई एकटी असली की आतून बोलणं ऐकू येतं. तिचं. मधे थांबते, जसं समोरचं माणूस बोलत असावं, आणि मग हं, हं करते.

मी गेले की गप्प.

आज ती म्हणाली, दीदी, एक बात बतानी है. मी म्हटलं, मला काम आहे.

२६ जानेवारी

आज ड्राय डे. शटर खाली. पोरं घाटंजीला गेली. मी विहारात जाऊन दुपारी परत आले, तर स्वयंपाकघरातून थपथप आवाज. मैदा आपटण्याचा.

दारातून पाहिलं. सुखीबाई खोक्यावर बसलेली. समोर परात. परातीजवळ कोणी नव्हतं. गोळा आपोआप दबत होता, उचलला जात होता, पडत होता. तीन खड्डे आणि एक उथळ. ती काहीतरी ऐकून हसली. माणूस ओळखीचा असला की येतं, तसं हसू.

मी मैद्याकडे नाही, तिच्या हसण्याकडे पाहत होते.

तिनं मला पाहिलं आणि उठून जवळ आली. मग सगळं सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. ते गेलेत हे त्यांना माहीत आहे. पण बदली न देता गेले, म्हणून जागा सोडता येत नाही. त्यांना मी दिसत नाही, परात दिसते. सुखीबाई सात वर्षं शेजारी काम करत होती, म्हणून तिचा आवाज तेवढा पोचतो. घरातल्या माणसानं म्हटलं तरच सुटतील. तू म्हण. तिनं माझा हात धरून परातीजवळ नेलं.

"बोल दो ना, दीदी. छूट जाएगा आदमी."

मी विचारलं, सुटून कुठं जातील? ती म्हणाली, घर. आणि तिनंच मला परवा सांगितलं होतं की शिवरात्रीला तीही घरी जाणार, तिची भावजय बदली येतेय. दोघांची सुट्टी एकदम. कोणाचं घर, ते मी विचारलं नाही. माझ्या घरी ते कधी जागे राहिले होते?

मी परातीवर वाकून म्हणाले, "कुठी जायचं नाही. सुट्टी नाही तुमाले."

मैदा थांबला.

सुखीबाईनं माझा हात सोडला. म्हणाली, हे काय केलंस. एका जागेवर दोन माणसं टिकत नाहीत. जुन्याला मोकळं केलं नाही तर नवीनही त्याच्याच बाजूला जातो, मग जागा पुन्हा रिकामी, मग पुन्हा घरातलं माणूस मागतात. मी म्हटलं, मला भीती घालू नको. तिनं पुन्हा तोंड उघडलं, एक निरोप आहे म्हणाली. मी बाहेर निघून आले.

२९ जानेवारी

शेठ आला होता. मी सांगितलं, सुखीबाई रोज दोन रोट्या आणि कांदा चोरते. ताट दाखवलं. खोटं काही सांगितलं नाही.

तासाभरात तिला काढलं. बदली न देता चालली म्हणून थांबवलेला पगारही नाही. शटरपाशी उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, पोरीचं नाव काय. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ताट मी वाढलं. कांदा बुक्कीनं फोडला. हात झोंबला, पण बरं वाटलं. आता ते माझ्याच हातचं खातील.

१ फेब्रुवारी

ताट तसंच. मुंग्या लागल्या.

मैदा मळलेला असतो. खड्डे खोल, पार परातीपर्यंत. रागानं मळल्यासारखे.

आज अफरोजभाऊ गमतीनं सांगत होता. सुखीबाई दिवाळीपासून त्याच्या मागं लागली होती, बोरी अरबचा नंबर द्या, श्रावणभाऊंचा निरोप आहे. मेलेल्या माणसाचा कायचा निरोप, म्हणून त्यानं दिला नाही. मी विचारलं, काय निरोप होता? तो म्हणाला, काय की, 'घरून कोणाले पाठवू नका' असं काहीतरी.

एवढंच बोलत होते ते तिच्याशी. रोज. एवढंच.

३ फेब्रुवारी

दुपारी भट्टीवर वाकले होते. पाठीमागे घामाचा आणि मैद्याचा वास आला. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा तो. वळले.

समोर होते. बनियन, खांद्यावर फडकं. माझ्या खांद्यावरचंच फडकं, त्यांच्याही खांद्यावर. पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, मला बघून हसतील.

"काहून आली तू?"

मी हात पुढे केला. भट्टीची धग अंगावर आली, मग एकदम गेली. थंडगार झालं. बरं वाटलं खरं तर.

उठले तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. बाहेर गर्दी, अँब्युलन्स. पोरांनी कोणाला तरी चादरीत गुंडाळून ठेवलं. अफरोजभाऊ दारात आला, त्याला विचारलं, कोण? तो माझ्या आरपार बघत राहिला.

४ फेब्रुवारी

चहा आला. सगळ्यांना दिला. मला नाही.

भट्टीच्या भिंतीला हात लावून पाहिला. काही नाही. आत घातला. काही नाही—

५ फेब्रुवारी

ते मळतात. मी गोळे करते. खांद्याला खांदा. ते बघत नाहीत. इतकी वर्षं हेच मागत होते मी, शेजारी जागे असावेत म्हणून.

म्हटलं, माझं चुकलं. ते मळत राहिले.

म्हटलं, मोकळे व्हा, बदली आली तुमची. तोंडातून आवाज निघाला, पण भट्टीपाशी ऐकणारं कोणी नाही. उशीर झाला. आम्ही दोघंही आता एकाच बाजूला—

दार दिसतं. दारातून जाता येत नाही. हात कामाला लागतात तेवढेच. आणि या पेन्सिलीला.

७ फेब्रुवारी

गल्ल्यावर फोन. शेठचा आवाज. बोरी अरब, म्हणाला. जागा रिकामी आहे. फीचं राहिलंय. घरातलं कोणी—

नाही.

ताटं आपटली. परात ढकलली. ओडिशाचा पोरगा म्हणाला, उंदीर.

त्यांनी पहिल्यांदाच मळणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

आमचं ऐकून पोरीला सांगू शकेल अशी एकच बाई होती. तिला मीच—

१० फेब्रुवारी

मैत्रेयी आली. माझी निळी पिशवी घेऊन. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. अफरोजभाऊनं बालाघाटची गंमत सांगितली. ती हसली.

बदलीचा रिवाजही सांगितला. मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हण, म्हण. तो म्हणाला, तुझ्या बाबतीत तो सवाल नाही.

तिनं खुंटीवरचं फडकं घेतलं.

बाबा तिच्या उजवीकडे, मी डावीकडे. तिला गार लागलं. ओढणी घट्ट केली.

११ फेब्रुवारी, सकाळ

वही रद्दीच्या ढिगावर ठेवली. वर. उघडी. तिला दिसेल अशी.

मैत्रेयी, बाकी सोड. भट्टीसमोर उभी राहा. मोठ्यानं म्हण, तुमची बदली आली, तुम्ही दोघं मोकळे. मग फडकं तिथंच टाक आणि घरी जा. फीचं बघू नको. कोणाला पाठवू नको. बाबांचा निरोप आहे. बाबांचा—

ती आली. हातात काडीची पेटी. ढिगाकडे हात—

वहीच उचलली. पान धरलं. फाडतेय—

बाई, आधी वाच. तुझी आई पुडीचा कागद वाचायची तशी, पेटवायच्या आधी एकदा—