बिनखर्ची सुट्टी आणि दौलतची विहीर

३० मार्च, रविवार. पाडवा.

नवीन वर्षाचा संकल्प: रोज लिहायचं, थोडकं लिहायचं, खरं लिहायचं. गेल्या वर्षीची डायरी १४ जानेवारीला बंद पडली. पेन खराब होतं.

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारीण भाग्यलक्ष्मीगारू (गारू म्हणजे बाई) उगादीची, म्हणजे त्यांच्या पाडव्याची, कडू-गोड पच्चडी देऊन गेल्या. जाता जाता सांगितलं की ते सगळे मेमध्ये मनालीला चाललेत, विमानाने. त्रिवेणी माझ्याकडे बघत नव्हती. बायको मुद्दाम बघत नाही तेव्हा नवऱ्याला बरोबर कळतं. लेक योगिनीने विचारलं, आपण कुठे? मी म्हणालो, सरप्राइज आहे. मलाही ते सरप्राइजच आहे.

६ एप्रिल, रविवार. दुपार.

प्लॅन तयार. नेटवर एक लेख वाचला, कमी खर्चात कुटुंबाला मोकळ्या हवेत कसं न्यावं यावर. त्यात परदेशी लोक तंबू ठोकून मासे भाजत होते. आपल्याला तंबूची गरज काय? देगलूरजवळ आपलं गाव आहे, बोरवाडी. चुलतभाऊ दौलत शेत बघतो. बैलगाडी, आंब्याखाली पंगत, बांधावरून ट्रेकिंग, पक्षी. सगळं फुकट. लोक याला ॲग्रो-टुरिझम म्हणून पैसे मोजतात.

त्रिवेणीने विचारलं, रेणुकाला विचारलं का? (रेणुका म्हणजे दौलतची बायको.) मी म्हणालो, गावाकडे असं विचारत नाहीत. त्रिवेणी म्हणाली, स्वयंपाक तीच करणार आहे, म्हणून म्हटलं.

योगिनीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. बारा वर्षांच्या मुलीला बैलगाडीचं काय. मग सहज बोलता बोलता कळलं की तिच्या वर्गातल्या बहुतेकींना पोहता येतं. वॉटर पार्कला गेल्या होत्या तेव्हा ही काठावर बसून सगळ्यांचे मोबाइल आणि चपला सांभाळत होती. गेल्या वर्षी तिने स्विमिंग क्लास मागितला होता. मी म्हणालो होतो, बघू.

मला कसंतरी झालं. म्हणालो, पूलमध्ये काय शिकणार, विहिरीत शिक, मी शिकवतो. तिने मोबाइल खाली ठेवला. विचारलं, ज्या विहिरीतून तुम्ही दौलतकाकांना काढलं, तीच? म्हणालो, तीच.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. मी अकरा वर्षांचा, तो तेरा. त्याचा पाय घसरला, मी पाण्यात मुटका मारला, केस धरून वर ओढला. वर्षातून दोनदा सांगतो, मागणी असल्यास.

१२ एप्रिल, शनिवार.

पोहण्याचा सराव थोडा सुटला आहे. पस्तीस वर्षं. शरीर विसरत नाही म्हणतात.

काल ऑफिसात लंचनंतर ब्रेस्टस्ट्रोकचा व्हिडिओ बघत होतो. हात आपोआप हलायला लागले. मागे साहेब उभे होते, हणमंतराव. त्यांनी विचारलं, खांदा दुखतोय का? म्हणालो, हो. आज त्यांनी बाम आणून दिला.

घरी पलंगावर पालथा पडून पायांचा सराव. त्रिवेणी आत आली, बघून परत गेली.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ८.

त्रिवेणीला वॉकिंग सांगून पहाटे पूलवर गेलो. फक्त उजळणीसाठी. कोचने विचारलं, येतं का? म्हणालो, विहिरीतला आहे. त्याने बिगिनर्समध्ये उभं केलं. कमरेइतकं पाणी, आजूबाजूला पहिली-दुसरीतली पोरं. डोकं पाण्याखाली घालायचं होतं. मी घालणारच होतो. शेजारची चिमुरडी म्हणाली, अंकल, डरो नक्को, दांडी पकडो.

मी दांडी अगोदरच पकडली होती.

क्लोरीन मला सोसत नाही. वीस मिनिटांत निघालो. विहिरीचं पाणी वेगळं असतं.

२६ एप्रिल, शनिवार.

योगिनीला घेऊन सुलतान बाजारात खरेदी. तिला पोहण्याचा गॉगल, मला चड्डी आणि प्रशिक्षकाची शिट्टी. ती गॉगल लावूनच जेवली. नंतर गॅलरीत फोनवर मैत्रिणीला सांगत होती की तिचे पप्पा तिला रिअल वेलमध्ये शिकवणार आहेत, पप्पांनी एकदा माणूस वाचवलाय. मी आत पेपर धरून बसलो होतो. एक बातमी चार वेळा वाचली, काही कळली नाही.

बसचं तिकीट रद्द करायचे नियम वाचून ठेवले. माहिती असलेली बरी.

१ मे, गुरुवार. बोरवाडी.

इमलीबन स्टँडहून बसने आलो. खिडकीतून गरम हवा, योगिनीच्या मांडीवर गॉगल. फाट्यावर दौलत ट्रॅक्टर घेऊन उभा. बैल तीन वर्षांपूर्वीच विकले म्हणे. बैलगाडी रद्द. बांधावरचं ट्रेकिंग दहा मिनिटांत संपलं, कारण चटके.

रेणुका पहाटेपासून चुलीपुढे. बाहेर बेचाळीस. कोंडाबाई काकू, म्हणजे दौलतची आई, माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, लई वर्षांनी वाट सापडली. बारा वर्षं झाली. मी म्हणालो, ऑफिसात सुट्टी मिळत नाही.

विहीर पाहिली. लहानपणी होती त्यापेक्षा खोल वाटली. खरं तर उलटं वाटायला हवं होतं. पायऱ्या उतरत गेलं की खाली हिरवं पाणी. दौलत म्हणाला, यंदा दोन पुरुष पाणी हाय. (म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं.) मी जाहीर केलं की पहिला दिवस फक्त हवेशी जुळवून घेण्याचा.

२ मे, शुक्रवार. दुपार.

सकाळी कान दुखत होता. नंतर नाष्टा झाला होता, भरल्या पोटी पाण्यात उतरू नये. दौलतने योगिनीसाठी रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि दोर काढून ठेवला. इथे पोरं कॅन पाठीला बांधूनच शिकतात. मी म्हणालो, आधी थिअरी. पायरीवर बसून तासभर थिअरी सांगितली. योगिनीने ती मन लावून ऐकली, हेच वाईट.

जेवणं आंब्याखाली झाली. तिथे योगिनीने दौलतला विचारलं, "काका, पप्पांनी तुम्हाला याच विहिरीतून काढलं ना?"

कोंडाबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला. रेणुका दौलतकडे बघायला लागली. दौलत माझ्याकडे. मी ताटाकडे.

"हौ की," दौलत म्हणाला. "यानंच काढलं मला. नाहीतर गेलतोच मी."

कोंडाबाई काहीतरी बोलायला लागल्या. तो म्हणाला, आई, तांदूळ बघ. मग मला विचारलं, भात वाढू का?

मी वाढून घेतला.

२ मे. संध्याकाळ.

खरं लिहायचं ठरलं होतं.

पाय माझा घसरला. केस माझे ओढले गेले. दौलत तेरा वर्षांचा होता. त्याने मला पायरीवर आणून पालथं घातलं, पाणी काढलं, आणि घरी सांगू नको म्हणून मीच त्याचे पाय धरले. त्याने सांगितलं नाही. काकूंना माझ्या ओल्या कपड्यांवरून कळलं तेवढंच.

कॉलेजात पहिल्यांदा सांगताना मी फक्त नावं गाळली. त्रिवेणीला सांगताना नावं घातली, ती उलटी पडली. मग दुरुस्त करायची वेळच आली नाही. अलीकडे तर मला त्याचे केस हातात धरल्याचं आठवायचंसुद्धा.

लाज वाटते. त्याने चारचौघांत मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं, मी रागवून बसलो असतो. आता रागवायलाही जागा ठेवली नाही त्याने. त्याला मी आजवर थँक यू म्हटलेलं नाही.

निश्चय: उद्या सकाळी, पाण्यात उतरण्याआधी, योगिनीला सगळं सांगायचं. चहानंतर लगेच.

३ मे, शनिवार.

चहानंतर पाहुणे आले. ते गेल्यावर सांगू म्हटलं. मग योगिनीच हात धरून विहिरीवर घेऊन गेली. म्हटलं, पायऱ्या उतरताना सांगू.

दौलत वर मोटारीपाशी दोराची गाठ मारत होता. कॅन पायरीवर पडला होता. मी पाण्याच्या वर तिसऱ्या पायरीवर, गळ्यात शिट्टी. म्हणालो, योगिनी, तुला एक सांगायचंय.

ती म्हणाली, "नंतर. आधी बघा." गॉगल लावला. मी म्हणालो, कॅन. ती म्हणाली, "कॅन कशाला, तुम्ही आहात ना."

आणि मुटका मारला.

गेली ती खाली गेली. एकदा हात वर आला. पुन्हा नाही. तीन पायऱ्या. मी उतरलो नाही. पाय उचललेच नाहीत. मी शिट्टी वाजवली.

हे मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मी शिट्टी वाजवली.

दौलतने वरूनच, कपड्यांनिशी उडी घेतली. तिला पायरीवर आणलं, पालथं घातलं. ती खोकली, ओकली, रडली. कोंडाबाईंनी पदरात घेतली. त्रिवेणी घरून धावत आली. तिने आधी योगिनीकडे पाहिलं, मग ओल्या दौलतकडे, मग माझ्याकडे. माझे कपडे कोरडे होते.

बऱ्याच वेळाने योगिनीने दौलतला हळूच विचारलं, "काका, तेव्हापण तुम्हीच ना?"

दौलत टॉवेलने तिचे पाय पुसत राहिला. कोंडाबाई म्हणाल्या, "मग काय तर."

दुपारी रेणुकाने माझ्यासाठी वेगळी कढी केली, मला जेवणात ताक लागतं म्हणून.

४ मे, रविवार.

मला वाटलं होतं योगिनी आता पाण्याजवळ फिरकणार नाही. ती सकाळी सहाला उठून दौलतबरोबर गेली. पाठीला कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक कोंडाबाई काकूंच्या हातात. मी आंब्याखालून ऐकत होतो. नऊच्या सुमारास हसण्याचा आवाज आला. दुपारपर्यंत कॅन काढून ती या काठावरून त्या काठाला गेली म्हणे. मला रेणुकाने येऊन सांगितलं.

त्रिवेणीजवळ विषय काढला. म्हणालो, मला खरं तर पोहता येत नाही. ती म्हणाली, "लग्नानंतर गोव्याला गेलो तेव्हाच कळलं मला. तुम्ही घोट्याच्या वर भिजला नव्हता." मग तू बोलली का नाहीस? म्हणाली, वाटलं कधीतरी तुम्हीच बोलाल.

संध्याकाळी दौलतला गाठलं. तो मोटारीचा फ्यूज बघत होता. मी म्हणालो, दौलत, तुझे उपकार... तो म्हणाला, टॉर्च धर जरा. मी टॉर्च धरली.

५ मे, सोमवार. नारायणगुडा.

परत आलो. रेणुकाने ज्वारीचं पीठ, लोणचं आणि पाडाचे आंबे बांधून दिले. या सुट्टीला बिनखर्ची म्हणायला जीभ रेटत नाही.

बसमध्ये ठरवलं: जो पहिला माणूस विचारील त्याला खरं सांगायचं. योगिनीच्या समोर सांगायचं. वाक्य तयार केलं, दोनदा मनात म्हणून बघितलं. सोपं होतं.

त्रिवेणी दूध घ्यायला कोपऱ्यावर थांबली. आम्ही दोघं बॅगा घेऊन पुढे आलो तर खाली भाग्यलक्ष्मीगारू उभ्या. त्रिवेणीने फोनवर त्यांना सांगितलं होतं की पोरगी विहिरीत बुडता बुडता वाचली, एवढंच. त्यांनी योगिनीला जवळ घेतलं आणि मला विचारलं, "आप निकाले क्या भाईसाब?"

मी बॅग खाली ठेवली. श्वास घेतला.

"हौ आंटी," योगिनी म्हणाली. "पप्पाइच निकाले मेरेकू."

तिचा आवाज अगदी साधा होता. माझ्याकडे बघत नव्हती. भाग्यलक्ष्मीगारूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आतून नवऱ्याला बोलावलं. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला, म्हणाला, बाप म्हणजे बाप. मी मान हलवली.

लिफ्ट आली. योगिनी जिन्याने वर गेली.