सूपमधलं क्रीम चीज

आई,

इथूनच तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आता माझा हात बसलाय. बोट भाजलं होतं, तेही बरं झालं.

इथल्या एका आजींनी आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. काल दुपारी मी भोपळ्याच्या गरम सूपमध्ये दोन चमचे क्रीम चीज घोटलं. ते लोण्यासारखं मऊ आणि किंचित आंबट असतं. केशरी आभाळात ढग विरावा तसं ते हळूहळू विरत गेलं, आणि मी पळी धरून बघतच राहिले.

आजींनी अख्खी वाटी संपवली. डोळे मिटूनच विचारलं, "धार आत्ताच काढलीस का गं?"

मी म्हटलं, "हो, आत्ताच."

बाबांनाही असं सूप करून दे. क्रीम चीज मिळालं नाही तर घट्ट दही फडक्यात बांधून टांग. सूप उतरवल्यावरच घाल, नाहीतर फुटेल.

"बाबा जेवतात" एवढंच तू लिहितेस. किती घास जेवतात? खरं ते कळव. माझी काळजी करू नकोस. इथे रोज टोपलीभर कांदे चिरायचे असतात, रडले तरी कुणाला कळत नाही.

तुझीच,
धाकटी