गरम तळ्यातल्या चुका

प्रिय चिंगे,

तुझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं गरम पाण्याचं तळं अकरा दिवस रोज बघतोय. आता राहवत नाही म्हणून लिहितो. ते तू एकटीने केलंस असं तुझी आई सांगते, मग उत्तरही तूच दे. जिथून पाणी उकळत वर येतं, नेमकं त्या तोंडाशी हिरवंगार शेवाळ कसं? आठवीत शाळा सुटली, पण सत्तावीस वर्षं कपडे धुण्याच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळतोय, हाताने आणि कानाने शिकून. उकळत्या पाण्यात हिरवळ मी पाहिलेली नाही. दगडांवर क्षाराचा पांढरा थरही नाही. आमच्या नळ्यांवर तो वर्षभरात चढतो, तुझं तळं म्हणे हजार वर्षांचं. आणि पाणी येतं ते ठीक, जातं कुठे? ती वाट शोधायला तुझ्या नायिकेला मी सोळा वेळा तळाशी पाठवलं. सोळाही वेळा बुडून मेली. तुझ्या आईने कपाळाला हात लावला. तिकडे राक्षस गाव जाळतोय आणि तुम्ही इथे गटार शोधताय, म्हणाली. राक्षसाचं काय, तो खोटाच. पाण्याला नियम असतात.

हे सगळं विचारायला तू आली होतीस, विसरलेलो नाही. बॉयलरच्या खोलीत वही घेऊन उभी होतीस आणि मी चार माणसांदेखत म्हणालो, खेळणी बनवण्याला कोणी काम म्हणत नाही. तू वही मिटलीस. दोन वर्षं झाली. तुझा फोन आईला येतो, तेव्हा मी शेजारी बसून पंखा दुरुस्त करत असतो. दर वेळी तोच पंखा. त्याला काही झालेलं नाही. वाफ मात्र तू बरोबर काढलीस. तोंडातून सुटताना दिसत नाही, वीतभर वर गेल्यावर दिसते. म्हणजे त्या दिवशी तुझं लक्ष होतं.

खरी चूक पलीकडच्या काठावर आहे. तिथे एक म्हातारा मिस्त्री बसलाय, पालथ्या हाताने पाणी किती तापलंय ते बघतो. तुझ्या खेळात शेळ्यासुद्धा बोलतात, हा बोलत नाही. चाळीस वेळा बोलायचं बटण दाबलं, दर वेळी तोंड फिरवतो. हा असा का, म्हणून तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "आरशात बघा." तेव्हा शेवाळ राहू दे, दगड राहू दे, याला आधी बोलता कर. नायिका दमून काठाशी आली की त्याने म्हणावं, "पाणी ठीक आहे. उतर बाळ, मी आहे इथे." एवढंच. तुझ्या वरिष्ठांना चालत नसेल तर रविवारी फोन कर. मी उचलतो आणि मीच म्हणतो.

तुझाच,
चुका काढणारा बाबा