मिकुलोवला गाडी कुठे लावली?

अल बर्शा, दुबई
१४ जून २०२५

ती. नर्मदाताईंस,
अनुराधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं आणि शैलेंद्रचं बोलणं बंद झाल्यापासून मीही गप्पच होते, त्यामुळे हे पत्र बघून दचकू नका. सगळे धडधाकट आहोत. म्हणजे तसे आहोत. शेजारचा सुजीत उद्या मिरजेला घरी चाललाय, त्याच्या हातून पाठवतेय. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण माझा फोन शैलेंद्र केव्हाही उचलतो. तुमच्याकडे एक मागणं आहे. तेच लिहायला बसले होते, पण हात वळत नाहीये, तेव्हा आधी बातम्या घ्या.

गुडघा कसा आहे? इथे ऊन असं की बाल्कनीत पाय ठेववत नाही. तन्मय आता चेक रिपब्लिकमध्ये ब्रनो नावाच्या शहरात नोकरीला आहे. ईदच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे जाऊन आलो. पोरगं स्वतः वरणभात करतं, पण बोलणं इंग्लिशमध्येच. "मम्मा, यू गाइज शुड सी मिकुलोव. इट्स जस्ट अ शॉर्ट बस राइड," असं म्हणून स्वतः ऑफिसला पळाला. आम्ही दोघं बसने गेलो.

गाव एवढंसं. मधे चौक, चौकात कारंजं, एका जुन्या घराच्या भिंतीवर गिलावा खरवडून काढलेली चित्रं. एका बाजूला टेकडीवर पांढरं चर्च आणि दुसऱ्या बाजूला, अगदी गावाच्या डोक्यावर, खडकावर राजवाडा. कुठल्याही गल्लीतून मान वर केली की तो दिसतो. चढही फार नाही, तुमच्या गुडघ्यालासुद्धा झेपला असता. आत तळघरात दारूचं एक लाकडी पिंप आहे, आमची बेडरूम त्यात सहज मावेल. शैलेंद्रने त्याच्या पट्ट्या कशा बसवल्या असतील ते मला इतकं समजावून सांगितलं की मी म्हटलं, अरे बाबा, साइटवर नाहीयेस, पुढे चल. इतका छान होता तोपर्यंत.

बागेत मी फोटो काढत होते. वळून बघते तर हा नाही. बाथरूमला गेला असेल म्हणून थांबले. मग बाग, अंगण, खाली चौक, परत वर. त्या गावात माणूस हरवूच शकत नाही ताई. चढलात की राजवाडा, उतरलात की चौक, तिसरं काही नाहीच. तरी मला धाप लागेपर्यंत तो सापडला नाही.

सापडला तो खालच्या फाटकाशी. तिकीटवाल्या म्हाताऱ्या बाईंशी हिंदीत हुज्जत घालत होता. "मॅडम, पी-टू में लगाया था. व्हाइट प्राडो. लिफ्ट किधर है?" राजवाड्याच्या खडकाखाली त्याला बेसमेंट पार्किंग हवं होतं. ती बिचारी हसून नकाशा दाखवत होती.

मॉलमध्ये गाडी कुठे लावली ते इथे दुबईत कोण विसरत नाही? रोजचंच आहे. म्हणून तर वर्षभर मी त्याची टिंगल करत राहिले आणि मला काही कळलंच नाही.

मी म्हटलं, "अरे, आपण बसने आलोय." त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा घामाने डबडबलेला. माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाला, "ताई, अण्णांना सांगू नकोस हं. मी शोधतो."

मला ताई म्हणाला, स्वतःच्या बायकोला. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग इतकी भीती वाटली की त्या बाईंच्या खुर्चीवर मटकन बसले. आणि परतीच्या बसमध्ये हा पठ्ठ्या मला विचारतो, कॉफी पाणचट होती ना गं?

इथे आल्यावर मी गाडी डिस्कव्हरी गार्डन्सला मैत्रिणीच्या बिल्डिंगखाली नेऊन ठेवली आणि गॅरेजमध्ये आहे म्हणून सांगितलं. परवा दुपारी हा बेसमेंटमध्ये एकेका पांढऱ्या गाडीचं दार ओढून बघत होता. वॉचमन याकूब हाताला धरून वर घेऊन आला. "साब थोडा कन्फ्यूज हो गया, मॅडम." म्हणून काल भाजी आणायला जाताना मी बाहेरून कुलूप लावलं.

हो, कुलूप. अण्णा घराबाहेर पडून वाट चुकायला लागले, त्या शेवटच्या वर्षात तुम्ही लावायचात तसंच. त्यावरून शैलेंद्र अख्ख्या गल्लीसमोर तुम्हाला काय काय बोलला होता, ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय. परत आले तेव्हा तो बूट घालून सोफ्यावर बसला होता. दार जाम झालंय म्हणून मेंटेनन्सला फोनही करून झाला होता. मी म्हटलं, बरं केलंस.

डॉक्टरचं नाव काढलं की "अनु, खलास," म्हणजे इथल्या भाषेत बास, विषय संपला. कंपनीला कळलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा, ही भीती त्याला आहे, आणि मलाही आहे. तन्मय म्हणतो, "डॅड इज जस्ट टायर्ड." ईदला जोडून घेतलेली रजा सोमवारी संपते. मग याला रोज उम्म अल कुवैनच्या साइटवर जायचंय, स्वतः गाडी चालवत, त्या हायवेवरून. गॅरेजची थाप आणखी किती दिवस चालणार? उद्या चिडून भाड्याची गाडी घेऊन येईल. कुणाला उडवलं तर? स्वतःच गेला तर?

तर मागणं हे, की तुम्ही या. व्हिसा, तिकीट सगळं मी बघते. माझं तो ऐकत नाही, मुलाचं तर नाहीच. पण घाबरला तेव्हा त्याने हाक तुम्हाला मारली. तुम्ही समोर बसून म्हणालात की शैलू, गाडी चालवणं बंद, आणि उद्या डॉक्टरकडे जायचं, तर चिडेल, आदळआपट करेल, पण येईल.

आधी त्याने फोन करायला हवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. चूक त्याची होती. काल जेवताना मी मुद्दाम विचारलं, ताईंशी का बोलत नाहीस? घास तसाच हातात धरून म्हणाला, "तिने अण्णांना कोंडलं होतं." म्हणजे अजून लक्षात आहे. ताई, त्याला हे भांडण आठवतंय तोवर या. नंतर आलात तर हसून बोलेल, चहा घे म्हणेल, पण तुमची माफी मागायची राहिलीय हे त्याच्या गावीही नसेल.

त्याच्या वतीने आणि माझ्याही, तुमच्या पाया पडते.

अनुराधा