दर्यासारंगाची आई आणि माझी

३ फेब्रुवारी, सोमवार

बर्फ भुरभुरलं, टिकलं नाही. — असं लिहायचं! दर्यासारंग रोज आधी हवा लिहितो, मग बाकीचं. मीही आजपासून तसंच करणार.

पुस्तक हान-सानांनी दिलं. शेजारच्या टेबलावरचे कोरियन इंजिनिअर, माझ्यासारखेच कंपनीच्या कामासाठी नागोयात आलेले. वर दुकानातलं खाकी कागदी कव्हर, म्हणजे नाव कुणाला दिसायला नको. आत चारशे वर्षांपूर्वीच्या कोरियन आरमारप्रमुखाची, म्हणजे माझ्या या दर्यासारंगाची, युद्धातली रोजनिशी, इंग्रजीत. शत्रू कोण? जपानी! आणि आम्ही दोघं ती वाचणार जपानी ऑफिसात बसून. हान-सान हळूच म्हणाले, "अनघा-सान, कोरियावरची ती स्वारी ज्यानं काढली ना, तो इथलाच. नागोयाचा." आणि असे खुसुखुसु हसले की मॅनेजरनं मान वर केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऊन, पण कडाक्याची थंडी. मला वाटलं होतं पानोपानी तोफा असतील. छे! बाण मारायचा सराव केला, पोट दुखलं, पाऊस पडला, आईची खबर आली नाही. अगं बाई, हा तर माझ्यासारखाच.

आणि त्याचा एक जोडीदार सेनापती आहे. त्याच्यावर हा असा काही उखडतो की वाचताना मी सबवेत मोठ्यांदा हसले. खोटारडा, दारुडा, दुसऱ्याचं श्रेय लाटणारा... आमचा सत्यजित दारू पीत नाही, बाकी सगळं तंतोतंत. माझं ब्रेक-सेन्सरचं टेस्टिंग आज त्यानं मीटिंगमध्ये "आम्ही केलं" म्हणून दाखवलं. आम्ही! घरोघरी मातीच्या चुली आणि आरमारोआरमारी सत्यजित.

८ फेब्रुवारी, शनिवार

ढगाळ. पोट दुखलं. (कोनबिनीतलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं, तळलेलं चिकन.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी. ऊन. आईचा व्हिसा आला!!

चिंचवडहून फोनवर ओरडतच होती. "मी काही तुमची ती चेरीची फुलं बघायला येत नाहीये. तू कशी राहतेस ते बघायला येतेय. फ्रीज आवरून ठेव." एकाहत्तर वर्षांची बाई, एकटी, बँकॉकला विमान बदलून. बाबा गेल्यापासून पुण्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही तिनं. मी इथे आल्यापासून कुणीच माझं घर बघायला आलेलं नाही.

दुपारी तिच्यासाठी फुतोन आणला, सायकलवर मागे बांधून. चौकात वारा असा सुटला की गादी, सायकल आणि मी तिघंही आडवे. एका आजोबांनी उचललं. आधी गादी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नुसता वारा. हान-सानांनी जेवताना घोळ केला. "आईच्या भागापर्यंत आलात का?" मी म्हटलं, कुठला भाग? मग थांबतायत कुठे! दर्यासारंग कैदेतून सुटला. त्याची ऐंशी उलटलेली आई त्याला भेटायला बोटीनं निघाली. वाटेतच गेली. भेट झालीच नाही.

डबा तसाच बंद केला.

मी अंधश्रद्धाळू नाही. इंजिनिअर आहे. पण घरी आल्यावर पुस्तक चपलांच्या कपाटात नेऊन ठेवलं. सरस्वती, माफ कर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हवा बघितली नाही. आईला फोन केला. म्हटलं, मार्चमध्ये इथे परागकण फार, अख्खं गाव मास्क लावून शिंकत असतं, तू नंतर ये.

"पुण्याच्या धुळीत जन्म गेला माझा."

मग म्हटलं, ऑफिसात काम फार आहे. "मी नको असेन तर सरळ सांग ना, अनू." फोन ठेवला.

खरं कारण कोणत्या तोंडानं सांगू? कुणाची तरी आई चारशे वर्षांपूर्वी बोटीत गेली म्हणून तू विमानात बसू नकोस? शहाणी गं माझी!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाऊस. आई फोन उचलत नाही. गुड मॉर्निंगचं फूलसुद्धा नाही. रोज सकाळी गुलाबावर गुलाब पाठवणारी बाई! किती नावं ठेवली मी त्या गुलाबांना. उद्या एक आला तर फ्रेम करून लावीन.

३ मार्च, सोमवार

गारठा. हान-सानांना सगळं सांगून टाकलं. हसतील वाटलं होतं. ते कॉफी ढवळतच राहिले. म्हणाले, "माझी आई बुसानला. इथून विमानात नीट बसेपर्यंत उतरायची वेळ होते. ये म्हटलं की म्हणते, पुढच्या वर्षी. तुमची यायला निघालीय, आणि तुम्ही अडवताय?"

तशीच उठून जिन्यात गेले. यावेळी तिनं उचलला. "आई, ये. मला तू हवी आहेस. बाकी काही नाही."

तिकडे नाक ओढल्याचा आवाज. "तिकीट रद्द केलंय कुणी? बॅगसुद्धा भरून झालीय माझी."

जिन्यात बसून रडले, मग हसले. सत्यजितनं पाहिलं. बघ म्हणावं, हे पण "आम्हीच" केलं म्हण!

२२ मार्च, शनिवार

लख्ख ऊन. इथला विमानतळ भर समुद्रात. विमान पाण्यावरून खाली येताना मी वरच्या गच्चीत उभी होते. गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

आई व्हीलचेअरवरून बाहेर आली. धस्सच झालं! "अगं, फुकट असते," ती म्हणाली. "रांगेत उभं राहावं लागत नाही." ढकलणाऱ्या पोराच्या हातात एव्हाना तिनं लाडू ठेवलेला होता. मी तिला अशी घट्ट धरली की ती म्हणाली, "हाडं मोडशील, बाई."

२३ मार्च, रविवार

आई घोरते आहे. भिंती पातळ आहेत. ऐकू दे शेजाऱ्यांना!

३० मार्च, रविवार

पाडवा. गार पण छान. बाल्कनीत गुढी उभारली, कपडे वाळत घालायच्या दांडीची. वर तांब्याऐवजी स्टीलचा पेला. खालून जाणाऱ्या काकू थांबून फोटो काढून गेल्या.

मग आई म्हणाली, सणाला देऊळ हवंच. सबवेनं नाकामुरा भागातल्या बागेतल्या देवळात नेलं. चेरी ऐन भरात, हान-सानही फुलं बघायला तिथेच आले होते. आईनं चपला काढल्या, हात जोडले, पायरीवर साखरेची पुडी ठेवली, पुटपुटत माझं लग्नसुद्धा मागून घेतलं. हान-सानांचा चेहरा पांढराफटक. तेव्हा माझी ट्यूब पेटली — हे देऊळ त्या स्वारी काढणाऱ्याचंच!

आईला सांगितलं. "असू दे गं. देऊळ दिसलं की हात जोडावेत, चौकशा मागाहून." आणि हान-सानांपुढे पुरणपोळीचा डबा धरला. त्यांनी तीन खाल्ल्या. चौथी आईसाठी बुसानला पाठवता येईल का, विचारत होते. झाला तह!

४ एप्रिल, शुक्रवार

ढगाळ. आज आईला सांगून टाकलं, येऊ नको का म्हणाले होते ते. दर्यासारंग, त्याची आई, बोट, सगळं. पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं वेडे, डॉक्टर तरी वेगळं काय म्हणत होते? विमानात बसायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. त्यांचंही नाही ऐकलं मी."

मी तिचं परतीचं तिकीट रद्द केलं.